फाउंड्रीतला कान आणि नवी यंत्रे

कसबा सांगावात एका भाड्याच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस जण प्रार्थनेला जमतात. झारखंडच्या गुमला आणि सिमडेगा भागातून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आलेली ही ओरांव आणि मुंडा कुटुंबे. गीते सादरी भाषेत होतात, साथीला मांदर असतो. मला सादरी मोडकीतोडकीच येते, पण चाल पाठ झाली आहे. एका पावसाळ्यात माझ्या लक्षात आले की कोपऱ्यात बसणारा एक गडी प्रत्येक ओळ अर्ध्या शब्दाने उशिरा म्हणतो. पोरे हसायची. मला वाटले, रात्रपाळी करून आला आहे, झोपेत असेल.

तो झोपेत नव्हता. इतरांच्या ओठांकडे बघून तो गात होता.

वय चौतीस. नऊ वर्षे एकाच कामावर, फेटलिंगला. ज्यांनी फाउंड्री आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. भट्टीतला रस साच्यात ओततात, तो थंड झाला की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. त्या कास्टिंगला कडांना नको असलेले लोखंड चिकटलेले असते. ते हवेवर चालणाऱ्या छिन्नीने तोडायचे आणि ग्राइंडरने घासून साफ करायचे, याला फेटलिंग म्हणतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचे नाव देशभर आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तिन्ही वसाहतींत इंजिनाचे, ट्रॅक्टरचे, मोटारीचे सुटे भाग ओतले जातात. मशीनशॉपमध्ये आता संगणकावर चालणारी यंत्रे आली, तिथे आवाज पुष्कळ कमी झाला. फेटलिंगला मात्र अजून बहुतेक ठिकाणी माणूसच लागतो, आणि ते काम स्थानिक मुले फारशी घेत नाहीत. ते आपल्या आदिवासी बांधवांच्या वाट्याला येते.

त्या छिन्नीचा आणि ग्राइंडरचा आवाज हातात धरणाऱ्याच्या कानाशी सहज 100 डेसिबलच्या पुढे जातो. आपले साधे बोलणे 60 च्या आसपास असते. आता कोणी म्हणेल, 60 आणि 100, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट! तसे नाही. डेसिबलची मोजपट्टी निराळी आहे. दर तीन डेसिबलला आवाजातली शक्ती दुप्पट होते आणि दर दहाला दहापट. 60 वरून 100 वर जाणे म्हणजे दहा हजार पट शक्ती कानावर आदळणे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांनुसार 90 डेसिबलमध्ये आठ तास काम चालते, पण 100 मध्ये फक्त दोन तास. जागतिक आरोग्य संघटना आणि अनेक तज्ज्ञ तर आठ तासांसाठी 85 हीच मर्यादा धरतात. आमचा हा भाऊ बारा तासांची पाळी करत होता, कानात कापसाचा बोळा घालून. कापसाने आवाज अगदी थोडा अडतो. समाधान मात्र पुरेपूर मिळते.

कानाचे काम कसे चालते ते पाहिले म्हणजे पुढचे सगळे समजते. आवाजाने पडदा हलतो, पडद्याने तीन इवलीशी हाडे हलतात, आणि ती हालचाल गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या एका नळीतल्या पाण्यात जाते. त्या नळीत, म्हणजे अंतर्कर्णात, साधारण पंधरा हजार केशपेशी असतात. प्रत्येकीवर बारीक केसांचा झुपका. पाणी हलले की झुपका वाकतो आणि मज्जातंतूला विजेचा इशारा जातो. उसाच्या शेतात शिरणाऱ्या पायवाटेसारखे समजा. एकदा माणूस गेला तर वाकलेला पाला पुन्हा उभा राहतो, रोज बैलगाडी गेली की तिथे काही उगवत नाही. पाळी सुटल्यावर कान बधिर वाटतात, शिटी वाजल्यासारखा आवाज येतो, सकाळपर्यंत बरे वाटते. कामगार म्हणतात, "सुबह ठीक हो जाता है दीदी." ती सकाळ हीच धोक्याची सूचना असते. एक दिवस अशी सकाळ यायची थांबते.

कोंबडीच्या कानातल्या केशपेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. त्या उगवाव्यात म्हणून अमेरिकेत एका औषधाच्या चाचण्या चालू होत्या, मोठी आशा होती. 2023 साली ती चाचणी अपयशी ठरली. आवाजाने गेलेला कान परत आणणारे औषध आज कुठेही नाही, कितीही पैसे मोजले तरी नाही. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे ज्या यंत्रांविषयी लिहिणार आहे ती वाचून कोणालाही वाटेल की आता कानाची काळजी मिटली.

आपल्या मंडळीतल्या एका ऑडिओलॉजिस्ट भगिनीने आमच्यासाठी एक रविवार दिला. पूर्वी ऐकण्याची तपासणी म्हणजे आवाज न शिरणारी खोली, मोठे यंत्र आणि कोल्हापूरची खेप. एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली, म्हणून कोणी जात नसे. या भगिनीने सगळे एका पिशवीत आणले. एक टॅब्लेट, जाड गाद्यांचे हेडफोन, पेनाएवढा कॅमेरा आणि मुठीत मावणारे एक यंत्र. टॅब्लेट कानात वेगवेगळ्या सुरांचे बारीक आवाज सोडतो, ऐकू आला की बटण दाबायचे. भाषा लागत नाही, अक्षरओळख लागत नाही. बाहेरचा गोंगाट वाढला की यंत्र स्वतः तपासणी थांबवते. सभेच्या खोलीत ते पुन्हा पुन्हा थांबू लागले, कारण बाहेर ट्रक. शेवटी पाळकांच्या घराच्या मागच्या खोलीत एकेकाला नेले. मार्काच्या सातव्या अध्यायातल्या बहिऱ्या माणसाला प्रभूने आधी गर्दीतून बाजूला नेले होते. ते वाक्य मी शिकताना कितीदा वाचले असेल, त्याकडे लक्ष त्या दिवशी गेले.

त्या दिवशी बावीस जण तपासले. आमच्या या भावाचा आलेख बघायला ऑडिओलॉजिस्टने मला बोलावले. जाड सुरांना रेघ बऱ्यापैकी वर होती. 4000 हर्ट्झजवळ ती खड्ड्यात कोसळली होती. आवाजाने खराब झालेल्या कानाची ही जवळजवळ सही असते. अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. स, श, त, फ ही अक्षरे बारीक सुराची, ती आधी जातात. बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे पुरुषांच्या बोलण्याआधी हरवते. "साहेब ओरडतो ते ऐकू येते, घरचे बोललेले कळत नाही," असे तो म्हणाला तेव्हा सगळे हसले. तोही हसला.

त्या पेनासारख्या कॅमेऱ्याचेही सांगायला हवे. पूर्वी डॉक्टर एका डोळ्याने कानात डोकावत आणि काय दिसले ते त्यांनाच ठाऊक असे. आता पडद्याचे चित्र फोनवर दिसते, ते शहरातल्या तज्ज्ञाला पाठवता येते. बावीसपैकी चौघांच्या पडद्याला भोक निघाले. लहानपणापासून कान वाहणारे हे लोक, तेल घालून बसलेले. अशा कानाचा इलाज आहे. पडद्याला त्याच माणसाच्या अंगातले पातळ आवरण लावून भोक बुजवतात, आणि आता हे काम बरेच सर्जन कानाच्या छिद्रातूनच, दुर्बिणीच्या मदतीने करतात, कानामागे मोठी चीर न घेता. नाकाचे तर चित्रच पालटले. 1980 च्या दशकात ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातून सायनसची दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर पसरली आणि गालावर, ओठाखाली चिरा घेणे मागे पडले. घशात बघण्याची पहिली नीट युक्ती 1854 साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने काढली होती, आरसा आणि उन्हाची तिरीप वापरून. आज त्याच स्वरतंतूंचे चित्र नाकातून गेलेली बारीक नळी पडद्यावर दाखवते. मावा आणि गुटखा खाणाऱ्या आपल्या माणसांसाठी ही नळी किती मोलाची आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तपासणी संपत आली होती. या भावाची पत्नी दीड वर्षांची मुलगी कडेवर घेऊन दारात उभी होती. ऑडिओलॉजिस्टने मुलीच्या पाठीमागे स्टीलचे ताट जमिनीवर टाकले. आम्ही सगळे दचकलो. मुलगी माझ्या बांगड्यांशी खेळत राहिली.

इथे मला माझी चूक लिहायलाच हवी. तीन महिन्यांपूर्वी तिच्या आईने मला विचारले होते, पोरगी अजून "माँ" म्हणत नाही. मी म्हणाले होते, काही मुले उशिरा बोलतात, घरात तीन भाषा आहेत, गोंधळली असेल. वीस वर्षे हे काम करते आहे मी.

मुठीत मावणाऱ्या यंत्राची पाळी तेव्हा आली. निरोगी कान फक्त आवाज घेत नाही, तो स्वतःही अतिशय सूक्ष्म आवाज बाहेर टाकतो, हे लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी 1978 साली दाखवले. सुरुवातीला अनेकांना ते पटले नव्हते. त्याच शोधावर हे यंत्र चालते. मऊ बोंडी बाळाच्या कानात ठेवतात, टिकटिक आवाज सोडतात, आणि आतल्या केशपेशींचा प्रतिध्वनी परत आला का ते पाहतात. बाळ बोलू शकत नाही, बटण दाबू शकत नाही, तरी दोन-चार मिनिटांत निकाल मिळतो. निकाल दोनच, "पास" किंवा "रेफर". रेफर म्हणजे बहिरे असा अर्थ नाही. कानात पाणी साठले असले तरी रेफर येते. त्याचा अर्थ, पुढे जा, थांबू नका. तिच्या दोन्ही कानांना रेफर आले.

पुढची तपासणी बेरा. कपाळाला आणि कानामागे छोट्या तारा चिकटवतात, बाळ झोपलेले असताना कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोहोचला का ते विजेच्या लहरींवरून पाहतात. ही यंत्रे महाग आणि मोठ्या रुग्णालयांतच असत. नवजात बाळांसाठी कमी खर्चाचे, सहज नेता येणारे असे यंत्र आपल्याच देशात दिल्लीच्या एम्स आणि आयआयटीच्या उपक्रमातून तयार झाले. "सोहम" नावाचे हे यंत्र 2017 मध्ये पुढे आले. सर्वत्र मान्य असलेला क्रम असा की पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही मुलांच्या ऐकण्याची तपासणी येते. ही मुलगी रुग्णालयात जन्मली होती. तिच्या कानाला कोणी यंत्र लावले नव्हते. आई-बापाला मागायचे ठाऊक नव्हते.

बेराचा निकाल आला, दोन्ही कानांनी तीव्र बहिरेपणा. वस्तीत लगेच बोलले गेले की बापाच्या कानातला कारखाना पोरीच्या कानात उतरला. तसे होत नाही. आवाजाने गेलेला कान वारशाने जात नाही. मुलीचे कारण जन्मजात होते. पण बापाच्या मनातून ते काढायला मला बरेच रविवार लागले.

मुलीसाठी उपाय होता, तो म्हणजे कॉक्लियर इम्प्लांट. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण केशपेशीच नसतील तर मोठा आवाज घेणार कोण? इम्प्लांट केशपेशींना वगळून पुढे जाते. कानावर अडकवलेला भाग आवाज टिपतो, त्याचे विजेच्या खुणांत रूपांतर करतो आणि चुंबकाने चिकटलेल्या चकतीतून कातडीपलीकडे पाठवतो. आत बसवलेल्या यंत्रातून एक बारीक तार अंतर्कर्णाच्या वळणात शिरलेली असते. तिच्यावर बारा ते बावीस टोके असतात आणि ती सरळ मज्जातंतूला इशारा देतात. हजारो पेशींचे काम बावीस टोकांवर! त्यातून भाषा समजते हे मला अजूनही नवल वाटते. ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅम क्लार्क यांनी 1978 मध्ये मेलबर्नला असे अनेक टोकांचे यंत्र माणसाला बसवले. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येई. तार त्या वळणात न मोडता कशी सरकवायची याचे उत्तर क्लार्क यांना समुद्रकाठी सापडले, एका शंखात गवताची पाती सारून बघताना. आपल्या महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेचे नाव मुंबईच्या डॉ. मिलिंद कीर्तने यांच्याशी जोडलेले आहे. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

यंत्राचा खर्च लाखांत. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पात्र मुलाला हे यंत्र मिळते, आणि ते काम मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालते. जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांची आहे. ही अट कागदी नाही, मेंदूची आहे. ऐकण्यासाठी राखलेली मेंदूतली जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली तर दुसऱ्या कामाला लागते. मग यंत्र आवाज देते, पण त्याची भाषा होत नाही.

आम्हाला दहा महिने लागले. आधी काही महिने श्रवणयंत्र लावून पाहायचे असते, ते केले. लसी घेतल्या, स्कॅन केले. खरा वेळ कागदांत गेला. उत्पन्नाचा दाखला झारखंडचा, आधारवरचा पत्ता झारखंडचा, मूल इथले. एका कार्यालयात सांगितले तिकडचे चालणार नाही, दुसऱ्या कार्यालयात सांगितले इकडचे देता येणार नाही. शेवटी बाप स्वतः चार दिवसांचा प्रवास करून दाखला घेऊन आला आणि ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. तीन आठवडे तो घरी बसला. आपण पाठवलेल्या देणगीतून त्या तीन आठवड्यांचे रेशन आणि खोलीभाडे गेले, याची नोंद इथे करते.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. जखम भरल्यावर यंत्र पहिल्यांदा चालू करतात तेव्हाचे व्हिडिओ आपण फोनवर पाहिले असतील, मूल हसते, आई रडते. आमची मुलगी किंचाळली आणि चकती ओढून काढली. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, "उत्तम. म्हणजे पोचले." त्यानंतर दर काही आठवड्यांनी यंत्राची जुळणी, तिला मॅपिंग म्हणतात, आणि आठवड्यातून दोनदा ऐकायला-बोलायला शिकवणारी थेरपी. शस्त्रक्रिया काही तासांची, ही थेरपी वर्षांची. आणि इथे एक अडचण आहे जी कुठल्याच माहितीपत्रकात मी वाचली नाही. थेरपिस्टची भाषा मराठी, घरची भाषा सादरी, आजीची कुडुख. मुलाने एक भाषा घट्ट धरावी, ती घरात दिवसभर बोलली जावी, असे थेरपिस्ट सांगतात. आम्ही सादरी ठरवली. थेरपिस्ट मराठीत खेळ दाखवतात, मी त्याचे हिंदीत करते, आई घरी तोच खेळ सादरीत घेते. पाण्याला पाणी, भाताला भात. देवाच्या दयेने हे दोन शब्द तरी सगळीकडे जवळचे आहेत.

बापाचे काय? त्याला डिजिटल श्रवणयंत्र मिळाले आहे. जुनी यंत्रे सगळेच मोठे करत, भांड्यांचा आवाजही. नवे यंत्र त्याच्या आलेखाप्रमाणे जुळवलेले आहे, फक्त हरवलेल्या बारीक सुरांना उचलते आणि समोरच्याचे बोलणे मागच्या गोंगाटातून वेगळे काढायचा प्रयत्न करते. घरात ते घालायचे, फेटलिंगवर कधीच नाही. तिथे त्याला इअरमफ. श्रवणयंत्र उरलेला कान वापरायला मदत करते, उरलेला कान वाचवत नाही. फोमचे बोळे स्वस्त असतात, पण ते घालायची रीत शिकवावी लागते. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर ओढा, आत सारा, फुगेपर्यंत धरून ठेवा. अर्धवट बाहेर लोंबणारा बोळा म्हणजे पुन्हा कापूसच. आता आमच्या रविवारच्या सभेनंतर पाच मिनिटे हा सराव होतो. पोरांना गंमत वाटते.

आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याच्या अनुसूचीत नोंदवण्याजोगा आजार आहे, आणि भरपाईच्या कायद्यातही त्याची नोंद आहे. पण दावा करायचा तर कामावर लागताना कान कसा होता याचा आलेख हवा. नऊ वर्षांपूर्वी याचा कान कोणी तपासला? म्हणून त्या टॅब्लेटचा सर्वांत मोठा उपयोग मला वाटतो तो हा, की नवा मुलगा कागलला उतरला की पहिल्या आठवड्यातच त्याचा आलेख काढून तारखेसह त्याच्या हातात द्यायचा, आणि दर वर्षी पुन्हा. जानेवारीपासून अकरा जणांचे केले आहेत. त्यांतल्या एकोणीस वर्षांच्या एका मुलाची रेघ गावाहून आला तेव्हा सपाट होती, काही महिन्यांत 4000 जवळ किंचित वाकली आहे. त्याला मोल्डिंगला हलवा म्हणून ठेकेदाराशी बोलणे चालू आहे.

2024 च्या जानेवारीत चीनमधून बातमी आली होती. एका विशिष्ट जनुकाच्या दोषामुळे जन्मतः न ऐकणाऱ्या सहा मुलांच्या कानात चांगले जनुक सोडले, पाच जणांना ऐकू येऊ लागले. मुलीच्या बापाने ती कोणाच्या तरी फोनवर पाहिली आणि मला विचारले, आपण घाई केली का? मी सांगितले, ते एका प्रकारच्या दोषापुरते आहे, आणि तिचे वय थांबणार नव्हते.

थेरपिस्ट मुलीचे वय दोन प्रकारे लिहितात. जन्मापासूनचे दोन वर्षे नऊ महिने, कानाचे तीन महिने. तीन महिन्यांचे बाळ बोलत नाही, तशी तीही बोलत नाही. पण मांदरावर थाप पडली की मान वळवते, आणि यंत्र काढले की परत लाव म्हणून आईचा हात स्वतःच्या कानाकडे नेते. मेच्या शेवटी सगळे कुटुंब पेरणीसाठी गावी जात आहे. तिथे विजेचा भरवसा नाही, म्हणून चार्ज केलेल्या बॅटऱ्यांचे दोन जादा जोड आणि सौर दिव्याला जोडायची तार बरोबर दिली आहे. पुढचे मॅपिंग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. परतीची तिकिटे काढून ठेवली आहेत.